मालक बदलण्यापूर्वीची धवलिनी

राकेशचं मशीन टेम्पोतून उतरवताना दोनदा अडकलं, पण शेखरला दम धरवत नव्हता. त्याला आज निकाल हवा होता.

"हळू रे," राकेश म्हणाला. "हरायचंच आहे तर निदान धडधाकट हरू दे तिला."

दोघेही नाशिकचे, पन्नाशीला टेकलेले, आणि दोघांना एकच वेड होतं, जुनी वॉशिंग मशीन जमवण्याचं. लोक नाणी जमवतात, ती निदान डब्यात मावतात. यांच्या घरी गच्चीवर, जिन्याखाली, एवढंच काय पाहुण्यांच्या खोलीतही मशीन उभी होती. बायकांनी आता त्यावर बोलणंच सोडून दिलं होतं.

भांडण मात्र एकाच गोष्टीवरून व्हायचं. सातपूरची धवलिनी कंपनी पंच्याण्णव साली विकली गेली. त्याआधीची मशीन चांगली की नंतरची? राकेश म्हणायचा, सगळी सारखीच, नुसता मालक बदलला.

शेखरला हे ऐकवत नसे. त्याचे वडील निवृत्ती त्याच कारखान्यात बेअरिंग बसवायचे. नव्या मालकाने जुन्या कामगारांना काढलं, आणि काढताना सगळ्यांसमोर सुनावलं की तुमचं काम टिकाऊ नाही. वडील ते बोलणं उरात घेऊनच गेले. शेखरला ते खोटं पाडायचंच होतं. त्यासाठी एकच पुरावा चालणार होता. विकण्याआधीचं, रोज राबलेलं आणि तरीही न खचलेलं मशीन.

असं मशीन दिंडोरीत निघालं. रोहिणीताई नावाच्या बाईंनी कुठून तरी नंबर मिळवून स्वतःच फोन केला होता. "माझ्या लग्नातलं मशीन हाय, ब्याण्णवचं. विकायचं नाय. चालू करून द्याल का?"

शेखरने तिथल्या तिथे होकार दिला, आणि राकेशला त्याच्या सत्त्याण्णवच्या मशीनसकट बरोबर घेतलं.

आता टेम्पो रोहिणीताईंच्या दारात उभा होता, आणि ओट्यावर त्यांचे यजमान भिकनराव बसले होते. डोक्याचा गोटा केलेला, त्यावर टॉवेल.

"तिरुपतीला जाऊन आलेत वाटतं," राकेश कुजबुजला.

भिकनरावांनी नुसती मान हलवून त्यांना आत जायला सांगितलं आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसले.

मशीनवर भरतकाम केलेलं कापड होतं. शेखरने ते बाजूला केलं आणि त्याला भरूनच आलं. पत्र्याला गंज नव्हता, टबावर ओरखडा नव्हता.

"घरात माणसं किती, ताई?"

"नऊ होती. आता आठ."

"आणि धुणं रोजच्या रोज?"

"मग! रोजचं रोज. सणासुदीला चादरी, पडदे. बागेत फवारणी करून आले की ते कपडे वेगळे. लय घाण निघते त्यांची."

"फवारणीचेसुद्धा!" शेखरने राकेशकडे बघितलं. "पावडर कोणती?"

"पावडर नाय. वडीच."

"बघ," शेखर राकेशला म्हणाला. "पावडर पत्रा खाते. यांना कळत होतं म्हणून टिकलं." राकेशला वडीचं काही उमजलं नाही, पण किसून टाकत असतील अशी त्याने समजूत करून घेतली.

"दुरुस्तीला माणूस कधी बोलावला होता?"

"एकदाबी नाय," रोहिणीताई म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.

रबरी पट्टा तेवढा वाळून तुटला होता. रबर ते, त्याला कोण काय करणार! शेखरने नवा पट्टा चढवला, पाण्याचा पाइप बदलला आणि दोन्ही मशीन मागच्या अंगणात शेजारी शेजारी मांडली. पाणी सारखं, चादरीही दोघींना तीन-तीन. रोहिणीताई चहा विसरून बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

आधी राकेशने बटण फिरवलं. त्याची धवलिनी घरघरली, थरथरली आणि फरशीवरून चालायला लागली. राकेशने तिला गुडघ्याने दाबून धरलं.

"बारा वर्षं आमच्या घरचं धुणं धुतलंय हिने," तो म्हणाला. "थोडी कुरकुरणारच."

"आणि हिने तीस वर्षं नऊ माणसांचं," शेखर म्हणाला, आणि त्याने बटण फिरवलं.

दुसरं मशीन नुसतं गुणगुणलं. जागचं हललं नाही. शेखरने त्याच्या झाकणावर तळहात ठेवला. हाताला जेमतेम कळेल इतकाच कंप होता. कारखान्यातून घरी आल्यावर वडील तेलकट हात पुन्हा पुन्हा धूत राहायचे, ते त्याला आठवलं.

"बाबा, ऐकताय ना?" तो मोठ्यानेच म्हणाला. डोळे भरून आले होते, आणि ते त्याने लपवले नाहीत.

राकेशने आपलं मशीन बंद केलं. "मान्य," तो म्हणाला. "हरलो मी. चारचौघांत सांगेन. काम टिकाऊ होतं तुझ्या वडिलांचं."

पण शेखरचं तेवढ्यावर भागणार नव्हतं. मशीन जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर हे सगळ्या महाराष्ट्राने बघायला हवं होतं. त्याने मोबाईल काढून रोहिणीताईंसमोर धरला.

"ताई, तुमच्या तोंडून येऊ द्या. इतकी वर्षं कसं काम केलं या मशीनने?"

रोहिणीताई टबावर वाकल्या होत्या. चादर आपली आपण वर येत होती, वळत होती, पुन्हा फेसात जात होती. त्यांनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या ते शेखरला कळेना.

"ते मी आजच बघतेय, भाऊ," त्या म्हणाल्या. "बापानं हौसेनं दिलं, पण सासूबाईंनी शपथ घातली होती. घरात सून हाय धुवायला, मी जित्ती हाय तवर बटनाला हात लावायचा नाय. परवाच त्यांचं तेरावं झालं."