बंधुमंडळाची खूण

"सांगितलं तर तुमचा कोणाचा विश्वास बसायचा नाही," लॉवेलला पुरून आल्यावर चर्चच्या तळघरात सँडविच चघळत म्हातारा मेरिल म्हणाला. "इतर बंधुमंडळं बापाचं चर्च आणि आज्याचा रंग विचारून पोरं आपल्या घरात राहायला घ्यायची, तेव्हा याच ओहायोत, आपल्या कॉलेजात, मी सगळ्यांसाठी बंधुमंडळ काढलं. ज्यू, काळे, कॅथलिक, सगळे एका घरात. कोणाला डुक्कर चालत नाही, कोणाला शुक्रवारी मटण चालत नाही. आचारी वेडा व्हायला आला, तेव्हा त्यालाच सभासद करून टाकला."

लोक हसले. मेरिलला ते हसू हवंच होतं.

"दार कोणालाच बंद नव्हतं. लॉवेलला आमची गुप्त खूण मीच शिकवली. हात मिळवताना अंगठा असा दाबायचा. परवा हॉस्पिटलात त्याची वाचा गेलेली, डोळे मिटलेले. मी हात हातात घेतला, तर पठ्ठ्यानं खूण बरोबर परत दिली."

कोपऱ्यात ॲन्सेल बसला होता. लॉवेलबरोबर तो जन्मभर एका घरात राहिला, आणि आज पाद्रीबाबांनी त्याचा उल्लेख 'शेजारी' असा केला होता. त्यानं कप खाली ठेवला.

"खूण दीक्षेच्या दिवशी, सभासद करून घेताना शिकवतात ना रे?"

"अर्थात."

"त्या दिवशी सकाळीच तू त्याची ट्रंक रस्त्यावर ठेवलीस, मेरिल. आम्हा दोघांना मिठीत पाहिलंस म्हणून. खूण त्याला कधी कळलीच नाही. आणि परवा पलंगापाशी मी होतो. तो तुझा हात झटकायला बघत होता."