शांत ग्रुप

"धरणाचं पाणी सोडलंय म्हणे. शिगवणांचा काही मेसेज?" बारशाच्या पंगतीत बायकोनं विचारलं.

सरपोतदारांनी मोबाइल पाहिला. नदीकाठच्या त्यांच्या औषधांच्या गोदामासाठी केलेला 'आपत्कालीन' ग्रुप सकाळपासून गप्प होता. "काही नाही. म्हणजे सगळं ठीक आहे," म्हणत त्यांनी आणखी जिलबी मागून घेतली.

पुरात फोन लागत नाहीत, मेसेज कसेबसे जातात, म्हणून तो ग्रुप. पाणी फाटकाशी आलं की रखवालदार शिगवणांनी तिथे कळवायचं, मग ट्रक पाठवून मालही काढायचा आणि त्यांनाही. पण लोकांनी त्यात 'शुभ सकाळ'ची फुलं टाकून नुसता उच्छाद मांडला होता. शेवटी गेल्या आठवड्यात वैतागून सरपोतदारांनी...

जिलबी हातातच राहिली.

ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल, असं त्यांनीच करून ठेवलं होतं. आणि ॲडमिन ते एकटेच होते.

त्यांनी शिगवणांना फोन लावला. लागेना. मग त्यांनी ग्रुपवरची बंदी उठवली आणि स्क्रीनकडे बघत राहिले.

मोबाइल वाजला.

पुण्याच्या ऑफिसातून कुणीतरी गुलाबाचं फूल पाठवलं होतं. खाली लिहिलं होतं, 'ग्रुप पुन्हा सुरू झाला, अभिनंदन!'