दरसालचा राब

लॅपटॉपवरच्या उपग्रहाच्या नकाशात पहिला लाल ठिपका उमटला तेव्हा रिद्धी कैरीच्या फोडीला तिखटमीठ लावत होती. ठिपका बदलापूर गावाच्या मागच्या डोंगराखाली होता, अगदी पायथ्याशी. तिचा बाप अनंता सकाळी कोयता आणि काडेपेटी घेऊन तिकडेच गेला होता. जाताना म्हणाला होता, "राब भाजून येतो."

तिनं ठिपक्यापुढच्या कारणाच्या रकान्यात 'राब' लिहिलं आणि फोड तोंडात टाकली.

हा शब्द ऑफिसात तिनंच नेला होता. जंगलाच्या आगींतून गेल्या वीस वर्षांत ह्या पट्ट्यातल्या हवेत किती कार्बन गेला, त्याची आलेखावर रेघ काढायचं तिचं काम. उपग्रहाला आग तेवढी कळते, कुणाची ते कळत नाही. रेघ चढतच होती. मग रिद्धीनं साहेबांना समजावलं, की पावसाआधी आमच्याकडे भाताची रोपं टाकायच्या जागेवर पालापाचोळा जाळतात, त्याला राब म्हणतात. पायथ्याचे हे ठिपके म्हणजे वणवे नव्हेत. शिकलेल्यांच्या बैठकीत एखादा गावचा शब्द टाकला की त्याचं फार वजन पडतं. साहेब खूश झाले. पायथ्याचे ठिपके जंगलाच्या हिशेबातून वगळले, तशी रेघ मुकाट्यानं खाली वळली. उद्या अहवाल जायचा होता आणि त्याच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं, वणवे घटले.

थोड्या वेळानं मागोमाग येणाऱ्या दुसऱ्या उपग्रहाचं चित्र उतरलं. ठिपका आता एकटा नव्हता. पायथ्यापासून वर झाडीत ठिपक्यांची रांगच लागली होती.

तिनं बापाला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. ग्राहक संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे, असं एक बाई गोड आवाजात सांगत राहिली. दुपारचा वारा फिरतो, बाबांचा गुडघा धरलेला, आणि वाळक्या गवतावरून चढणारी आग माणसापेक्षा जोरात पळते, हे तिला आकड्यांसकट माहीत होतं.

"आई, राब एवढा वर जातो?"

कुंदा मागच्या दारात उभी होती. पदर नाकाला लावलेला. परसातल्या चिंचेच्या वरून धूर आता साध्या डोळ्यांनीही दिसत होता.

"कसला राब गो?" ती वळली नाही. "शेत इकून किती पावसाले जाले? रोपा टाकतंय कोन?"

"मग बाबा दरवर्षी जातात ते?"

"प्लॉटवाल्याला गवत साफ करून लागतं. गिऱ्हाइकाला जमीन दिसाया पायजे ना. काडी लावली की जालं. सगला गाव तेच करतंय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "वनवा बोललं तर फॉरेस्टवाला येतंय. राब बोललं तर कोन येत नाय."

रिद्धी पडद्याकडे बघत राहिली. शेत विकलं तेव्हा ती ह्याच घरात होती. पेढे तिनंही खाल्ले होते. पण घरात शब्द तोच राहिला, म्हणून विचारावंसं कधी वाटलं नाही. पायथ्याचे ते सगळे ठिपके, वर्षानुवर्षांचे, तिनं स्वतःच्या हातानं हिशेबाबाहेर काढले होते. त्यांतले भाताचे किती होते? आणि आत्ता तर बाप कुठे आहे, हेही कळत नव्हतं.

"मी बघून येते." ती उठली. चपला सापडेनात. कुंदानं तिचा दंड धरला, "तू नको जाव," आणि दोघी तशाच दारात उभ्या राहिल्या, एकमेकींना धरून.

अनंता आला तो परसातून, गुडघा ओढत. हातात कोयता नव्हता. भुवया जळल्या होत्या. कुंदानं पाण्याचा तांब्या पुढे केला. रिद्धीला रडू आलं आणि रागही आला. आधी काय करावं ते तिला ठरवता येईना.

"वारा फिरला," तो म्हणाला. "टहाला मोडून आगीवर लय झोडपला. आयकलाच नाय."

पाणी प्यायल्यावर त्याची नजर लॅपटॉपकडे गेली. ठिपक्यांची रांग त्याला चष्म्याशिवायही दिसली.

"ह्यो आपला?"

"हो."

"काय लिवलंस?"

रकान्यात लिहिलेलं होतंच. त्यानं वाकून वाचलं आणि त्याचा चेहरा सैल झाला.

"मंग बरा हाय," तो खाली बसत म्हणाला. "दरसाल लिवतंस तसाच."

तिनं शब्द खोडला. रकाना रिकामा झाला. बाप तिच्याकडे बघत होता आणि ती त्याच्याकडे बघायचं टाळत होती. दुसरा शब्द लिहायला बोटं उचलत नव्हती.

शेजारची सखू गच्चीवर जाऊन डोंगर बघत होती. तिथूनच तिनं हाक मारली.

"अनंता, तुजा राब टोकावर गेला रं. पल्याडच्या गावाच्या अंगाला उतरला पन."

मग समजूत घालावी तशी ती म्हणाली, "जाव दे. आता तो त्यांचा राब."