रिकामी पोती

भूकंपानंतर नवं गाव बांधताना सिमेंटचं गोदाम नासिरभाईंच्या ताब्यात होतं. सिमेंट संपलं की रिकामी पोतीसुद्धा मोजून परत करायची, असा खात्याचा नियम. चारशे बारा पोती कमी भरली. हिशेब जुळल्याशिवाय नासिरभाईंची घरी, नांदेडला बदली नाही.

"गेली कुठं?" साहेबांनी विचारलं.

"लोकांच्या शेडला लागली, साहेब. पत्र्याच्या शेडला दार न्हाई. बाया पोत्याच्या आडोशाला आंघोळी करून राहिल्या."

"मग काढून आणा."

नासिरभाई गेले. पहिल्याच शेडबाहेर बसलेली म्हातारी म्हणाली, "न्या की भाई, तुमचीच हायती." पोत्याआड तिची सून आंघोळ करत होती. नासिरभाईंनी पाठ फिरवली आणि तसेच परत आले.

दोन वर्षांनी गाव सिमेंटच्या घरांत राहायला गेलं. जाताना बायांनी एकेक पोतं धुऊन, घडी घालून आणून दिलं. चारशे बारा, बरोबर. साहेबांनी एकही धरलं नाही. म्हणाले, "फाटकं पोतं हिशेबात चालत नाही."

माळावर आता पत्र्याचं एकच शेड उरलंय, नासिरभाईंचं. त्यातलीच पोती शिवून त्यांनी त्याला दार केलंय.