एकेचाळीस नंबरचं झाड

स्वप्निलकाकांच्या छातीत कळ आली तेव्हा तेजलकाकूंनी रुग्णवाहिकेला फोन लावला. घाट चढून यायला दीड तास लागेल, असं उत्तर आलं. काकूंनी फोन ठेवला, शेडमध्ये गेल्या आणि गांजाचं एकेचाळीस नंबरचं झाड मुळासकट उपटलं.

परवान्याच्या प्रत्येक झाडाला सरकारी चकती असते. झाड मेलं की ती जिल्ह्याला कळवते. नवव्या मिनिटाला अंगणात उडती गाडी उतरली आणि निरीक्षक खराडे वही घेऊन बाहेर आले.

"कशानं गेलं झाड?"

"झाडाचं राहू द्या हो साहेब, आधी ह्यांना दवाखान्यात न्या!"

"काकू, या गाडीतून फक्त झाड आणि आरोपी नेता येतो."

"मग ह्यांना आरोपी करा की!"

"परवाना कायमचा जाईल. संध्याकाळपर्यंत सगळी झाडं जाळावी लागतील. वीस वर्षांची मेहनत आहे तुमची."

बाजेवरून काकांनी हात वर केला. "मीच उपटलं, साहेब."

"जन्मात तण नाही उपटलं ह्यांनी," काकू पुटपुटल्या.

खराड्यांनी काकूंच्या मातीने भरलेल्या हातांकडे पाहिलं आणि वहीत काकांचं नाव लिहिलं.

"अटकेआधी आरोपीची वैद्यकीय तपासणी करावी लागते," ते गंभीरपणे म्हणाले. "नियमच आहे."

तासाभराने खराड्यांचा दवाखान्यातून फोन आला. आरोपी शुद्धीवर होता आणि चहा मागत होता.

काकूंनी फोन ठेवला. मग संध्याकाळपर्यंत जाळायच्या झाडांना त्यांनी रोजच्यासारखं पाणी घातलं.