चार मिनिटं

टेबलावरच्या वहीत चार रकाने होते. नाव, कुठून, किती यंत्रांवर, कशासाठी. दुपारचे दोन वाजले तरी नोंदी तीनच, आणि त्यातली एक एजाजने स्वतःच्या मेहुण्याच्या नावाने ठोकलेली.

"खोटं कशाला लिहितोस?" इद्रीस म्हणाला.

"खोटं कुठाय? मेहुण्याच्या कॉम्प्युटरवर मीच टाकलीय. तो चालू करत न्हाय, ती बात वेगळी."

'ताणा' ही ऑपरेटिंग सिस्टिम. छोट्या यंत्रांसाठीची, फुकट, कुणीही उघडून पाहावी, बदलावी अशी. नऊ वर्षं इद्रीस नारपोलीच्या दोन खोल्यांत बसून ती लिहीत होता आणि नऊ वर्षं तो आणि एजाज तांत्रिक परिषदांमध्ये तिचं टेबल मांडत होते. पुणे, बेंगळुरू. यंदा घराजवळच, कशेळीच्या खाडीलगतच्या हॉलात. फुकटच्या टेबलांना रांग लागलेली. संयोजकांनी स्पष्टच कळवलं होतं: या वेळी वापरणारे दाखवा, नाहीतर पुढच्या वर्षी जागा दुसऱ्याला.

टेबल गेलं की ताण्याला कोण विचारणार?

फोन वाजला. बायकोचा, बिल्किसचा. ती कामाला जायची त्या गोदामात जेवणाची सुट्टी झाली असणार.

"आलं का कुणी?"

"येतायत. तू जेवलीस?"

"जेवले. पाणी नाही प्यायले." ती हसली. "प्यायलं की जावं लागतं, आणि आमचं बाथरूम पार दुसऱ्या टोकाला. बरं, चादर नीट घातलीत ना? डागाची बाजू मागे घ्या."

चादर अब्बांच्या लूमवरची, शेवटची.

ताण्याची सुरुवातही त्याच लूमवर झाली होती. लूम थांबला की आपल्या खोलीत लाल दिवा लागावा, असं मालकाला हवं होतं. दिवा इद्रीसने करून दिला. पण अब्बांची बोटं थरथरायची, तुटलेला धागा सांधायला वेळ लागायचा. म्हणून लूम थांबताच लूमवरच्या छोट्या पडद्यावर फक्त एक ओळ यायची: 'धागा तुटलाय. कारागिराला वेळ द्या.' दिवा लागायचा तो चार मिनिटांनी. ही चार मिनिटं इद्रीसने सिस्टिममध्ये इतक्या ठिकाणी गुंतवली होती की दुसऱ्या कुणाला ती सोडवता येऊ नयेत.

अब्बा गेले. चार मिनिटं राहिली.

तीनच्या सुमारास गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक जण टेबलाशी थांबला.

"ताणा तुम्ही लिहिलीत? मी प्रितम, पुण्याहून. आमच्याकडे अकरा हजार यंत्रांवर चालते."

एजाजच्या हातातला चहा कलंडला. चादरीवर, पुढच्या बाजूला.

"अकरा हजार?" इद्रीसने विचारलं.

"दोन वर्षं झाली. मस्त चालते. अडचण एकच. काही थांबलं, तर सिस्टिम चार मिनिटं वर कळवतच नाही. आम्हाला नव्वद सेकंदांत कळायला हवं. आमच्या पोरांनी महिनाभर डोकं फोडलं. ती चार मिनिटं काढायला गेलं की सगळंच कोसळतं."

"कोसळणारच. मीच तशी घातलीयत."

"मग काढाल?"

टेबलाचा एक रिवाज होता. कुणी अडचण आणली तर त्याच्यासमोरच सोडवायची, आणि सुटली की अब्बांच्या लूमवरचा लाकडी धोटा टेबलावर आपटायचा. नऊ वर्षांत धोटा सात वेळा वाजला होता.

इद्रीसने लॅपटॉप ओढला. अकरा हजारांची बातमी हॉलभर पसरायला वेळ लागला नाही. माणसं जमली. संयोजकांपैकी मारिया मागे येऊन उभी राहिली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच इद्रीसच्या खांद्यावरून कुणीतरी डोकावून पाहत होतं.

"ती मराठी ओळ बदलू?" त्याने मान वर न करता विचारलं.

"राहू द्या हो," प्रितम म्हणाला. "कोण वाचतंय?"

शेवटच्या जागी इद्रीस क्षणभर थांबला. तिथे त्याने स्वतःसाठी लिहून ठेवलं होतं: सगळे हात सारखे नसतात.

त्याने तेही पुसलं.

धोटा वाजला. टाळ्या पडल्या. मारिया म्हणाली, "पुढच्या वर्षी हा कोपरा नाही हं. दारासमोरचं टेबल तुमचं."

एजाजने वही पुढे सरकवली. प्रितम लिहू लागला.

प्रितम. पुणे. ११,०००.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बोलता बोलता तो गर्दीत गेला तो गेलाच.

"कशासाठी, ते राहिलं रे," एजाज म्हणाला.

"अकरा हजार लिहिलंय ना? मग बस."

पंधरा दिवसांनी बिल्किस दुपारी दोनलाच घरी आली. सुटायची वेळ सहाची. इद्रीस पुढच्या परिषदेचा अर्ज भरत होता. ती बुरखा न काढताच दाराशी टेकली.

"काढलं मला."

"काय केलंस?"

"बाथरूमला गेले. आठवड्यात तिसऱ्यांदा लाल खूण पडली. माझ्यासोबतच्या रमशाला पण काढलं, तिच्या धाकल्या बहिणीला पण."

"मुकादमाशी भांडायचं ना."

"तो म्हणतो, माझ्या हातात काय न्हाय, सगळं ती खोकी स्कॅन करायची हातातली मशीन ठरवते. आधी बरी होती हो ती. जाऊन परत येईस्तोवर गप बसायची. गेल्या सोमवारपासून काय झालंय, अर्ध्या वाटेतच लाल होते."

इद्रीसने लॅपटॉप हळूच मिटला.

"तुम्हाला मशिनीतलं कळतं, तर एक सांगा," बिल्किस म्हणाली. "बाकी सगळं इंग्लिशमध्ये, एकच ओळ मराठीत येते. आम्ही रोज हसायचो तिला. खोक्यांच्या गोदामात कसला आलाय धागा, आणि कोण कारागीर, की त्याला वेळ द्या?"