बर्फातली डबी

आमचे हे फ्रिज दुरुस्त करतात. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही, म्हणून सगळ्या सुया मलाच टोचल्या. माझ्यात दोष नाही हे कळल्यावरही ह्यांना तपासणीला तयार करता करता नाकी नऊ आले. शेवटी आज घरून वीर्याचा नमुना घेऊन लॅबमध्ये गेलो. तिथल्या मुलीनं डबी हातात घेतली. “ही एवढी गार कशी?” “बर्फात घालून आणली, खराब होऊ नये म्हणून,” हे छाती फुगवून म्हणाले. “अहो दादा, अंगाच्या उबेत, खिशातून आणायची असते. हल्ली नव्या मशीनवर नेमका दोष सापडतो, उपचारही होतात. पण गारठलेल्या नमुन्यात काय बघू?” तिनं नवी डबी दिली. “पुन्हा नको, तूच दुसऱ्या डॉक्टरला दाखव,” म्हणत ह्यांनी ती सवयीनं माझ्या पर्सपुढे धरली. मी चेन लावली. “खिशात ठेवा. तुमच्या.”